ग्रेट बुक्सचा संच: सुरुवात सातव्या खंडापासून करा

रॉबर्ट हचिन्स आणि मॉर्टिमर ॲडलर यांनी संपादित केलेला ‘ग्रेट बुक्स ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ हा संच ब्रिटानिकाने १९५२मध्ये काढला. ५४ खंड, ७४ लेखक. माणसाचे मूळ प्रश्न काळागणिक बदलत नाहीत, तेव्हा ते ज्यांनी खोलात जाऊन हाताळले त्यांचे ग्रंथ हाच अभ्यासक्रम, असं शाश्वतवाद ही शिक्षणाची विचारसरणी मानते. ती जशीच्या तशी कपाटात उतरवलेली इथे दिसते, गुणदोषांसकट.

थोर ग्रंथाला मध्यस्थ लागत नाही, या हट्टापायी संपादकांनी लेखकाच्या छोट्या चरित्रापलीकडे काही दिलेलं नाही. प्लेटोच्या संवादांत हे चालून जातं, कारण तिथे प्रश्न विचारणारा पुस्तकातच बसलेला असतो. प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीपाशी मात्र गाडं अडतं. त्याची गणितं साठाव्या भागांच्या अपूर्णांकांत आहेत आणि सवय नसलेल्याला ती चटकन उमगत नाहीत. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या भूमितीच्या ग्रंथाचे तेराही भाग दिलेत, पण ते नुसते वाचू नका. आकृती झाकायची, विधान वाचून ती स्वतः काढायची, मग सिद्धता पाहायची. असं केलं नाही तर दहाव्या सिद्धतेपर्यंत सगळं खरंच वाटतं आणि डोक्यात काहीच उरत नाही.

संचातली खरी करामत म्हणजे दुसरा आणि तिसरा खंड, ‘सिंटॉपिकॉन’. यात १०२ कल्पनांची सूची आहे. प्रत्येक कल्पनेचे पोटविषय पाडलेत आणि प्रत्येकाखाली कोण कुठे काय बोललं त्याचे संदर्भ. संदर्भातल्या पानाच्या आकड्यापुढची अक्षरखूण वाचायला शिका: दोन रकान्यांच्या पानावर ‘ए’ म्हणजे डाव्या रकान्याचा वरचा अर्धा भाग, ‘बी’ खालचा, ‘सी’ आणि ‘डी’ उजवीकडचे. सलग छपाईच्या पानावर फक्त ‘ए’ आणि ‘बी’.

पण गंमत अशी, की हीच सोय मूळ तत्त्वाच्या मुळावर उठते. ‘शिक्षण’ या प्रकरणातले सहा उतारे काढले, जुळवले, चर्चा झाली आणि अख्खं पुस्तक कुणीच वाचलं नाही, असं सर्रास होतं. म्हणून आधी ग्रंथ, मग सूची. पहिल्या खंडात दहा वर्षांचा वाचनक्रम आहे, तो पाळण्याजोगा आहे: सुरुवात सातव्या खंडातल्या प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’ आणि ‘क्रिटो’पासून होते, ‘रिपब्लिक’चे पहिल्या वर्षी पहिले दोनच भाग. गटात वाचत असाल तर चर्चा चालवणाऱ्याने स्वतःला उत्तर माहीत नसलेला एकच प्रश्न घेऊन यावं, आणि प्रत्येक दाव्याला ‘कुठल्या ओळीवरून?’ असं विचारावं. तो व्याख्यान द्यायला लागला की बैठक संपलीच समजा.

अनुवाद जुने आहेत. होमर तर सॅम्युअल बटलरच्या गद्यात, म्हणजे महाकाव्याची चाल गेलीच. १९९०च्या ६० खंडांच्या आवृत्तीत त्याजागी लॅटिमोरचा पद्यानुवाद आला. पहिल्या आवृत्तीत एकही लेखिका नव्हती, या वेळी जेन ऑस्टिन, जॉर्ज एलियट, विला केदर आणि व्हर्जिनिया वुल्फ यांना जागा मिळाली. पश्चिमेबाहेरचं जग मात्र तेव्हाही बाहेरच राहिलं.

जुना संच घेताना दोन आवृत्त्यांचे खंड एकत्र तर केलेले नाहीत ना, हे पाहा. पहिल्या आवृत्तीत सातवा खंड प्लेटोचा, दुसरीत तो ॲरिस्टॉटलचा पहिला. अशी सरमिसळ असेल तर सिंटॉपिकॉनचे बरेच संदर्भ लागणार नाहीत.