थ्री-नॉट-थ्रीची कड: काही महिने वापरल्यानंतर

कडवालं काडतूस, म्हणजे बुडाशी पितळाची कड बाहेर आलेलं, मॅगझिनमध्ये (गोळ्यांच्या पेटीत) छळतं आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथे काडतूस बसतं) उपकार करतं. एक उन्हाळा आणि त्यामागचा कॅनडातला हिवाळा रेंजवर काढल्यावर माझं मत एवढंच झालंय.

रायफल ली-एन्फिल्ड नंबर ४, टोरोंटोजवळच्या लाँग ब्रँच कारखान्यात दुसऱ्या महायुद्धात तयार झालेली. काडतूस अर्थातच .३०३. त्याच्या बुडाची कड सुमारे १३.७ मिलिमीटरची आणि तिच्या लगेच पुढचं पितळ साधारण ११.७ चं. म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक मिलिमीटर बाहेर आलेलं. या मिलिमीटरभरानं केवढं रामायण घडतं!

आधी छळाचं. मॅगझिन दहाची, पाच-पाचच्या दोन चार्जरनी (काडतुसं धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्यांनी) भरायची. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे असायला हवी. मागे राहिली तर बोल्ट (काडतूस चेंबरमध्ये ढकलून मागून बंद करणारा दांडा) वरचं काडतूस ढकलायला लागतो, ते खालच्याला धरून ठेवतं, आणि सगळं जागच्या जागी अडकतं. म्हणून सैन्याच्या चार्जरमध्ये काडतुसं एक खाली, एक वर, एक खाली अशी लावलेली असतात. मग चार्जर कुठल्याही बाजूनं लावला तरी चालतो. नीट लावलेल्या चार्जरनं मला त्रास झालेला नाही. सुटी काडतुसं बोटांनी भरताना, त्यातही जाड हातमोजे घालून, मात्र लक्ष द्यावंच लागतं. शेजारच्या लेनवरच्या एकाकडे रशियन मोसिन-नागांत आहे. तिचं ७.६२×५४ हेही कडवालंच, पण तिथे दुसरं काडतूस दाबून धरणारी एक वेगळी पट्टीच बसवली आहे. कडेच्या दुखण्यावर यंत्रातच औषध. ली-एन्फिल्डनं ते शिपायाच्या कवायतीवर सोडलं.

आता उपकाराचं. काडतूस चेंबरमध्ये किती आत जायचं हे कड ठरवते, खांदा (काडतूस मानेकडे अरुंद होतं तो उतार) नाही. त्यामुळे खांद्याच्या मापात थोडं इकडेतिकडे झालं तरी गोळी सुटते. शिवाय एक्स्ट्रॅक्टरला (रिकामं काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याला) पकडायला भरपूर पितळ मिळतं आणि केस (काडतुसाची पितळी नळी) निमुळती असल्यामुळे चटकन सुटूनही येते. कडाक्याच्या थंडीत माझी एकही केस आत अडकलेली नाही. १८८० च्या दशकाच्या अखेरीस, काळ्या दारूच्या जमान्यात, लाखोंनी काडतुसं बनवणाऱ्यांना हाच हिशेब सोयीचा वाटला असणार.

पण त्या सोयीची किंमत रीलोडिंग करणारा, म्हणजे वापरलेली केस पुन्हा भरणारा, मोजतो, आणि यावर फारसं कोणी बोलत नाही. कड काडतूस धरून ठेवते म्हटल्यावर सैन्यानं चेंबर सढळ हातानं कापले, चिखल लागलेलं काडतूसही आत जावं म्हणून. बार झाला की केस त्या मोकळ्या जागेत फुगून खांदा पुढे सरकतो. कडेजवळचा हेडस्पेसही (बंद बोल्टपुढे कडेसाठी उरणारी जागा) ०.०६४ पासून ०.०७४ इंचापर्यंत चालवून घेत. त्यात ली-एन्फिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला कुलूपबंद होतो, म्हणून तोही दाबाखाली किंचित लवचिकपणा दाखवतो. परिणाम, कडेच्या जरा वर पितळ ताणून पातळ होतं. दर वेळी डायमध्ये (केसला आकार देणाऱ्या साच्यात) पूर्ण केस दाबून मूळ मापावर आणली तर थोड्याच वापरात तिथेच गोल चीर जाते आणि केसचं बूड वेगळं होतं. लोक दोष कडेला देतात. माझ्या मते दोष चेंबरचा.

उपाय साधा आहे. त्याच रायफलीत वापरलेल्या केसची फक्त मान डायमध्ये घ्यायची. मग पुढच्या वेळी केस खांद्यावर टेकते आणि कड नुसती एक्स्ट्रॅक्टरच्या कामाची उरते. थोडक्यात, कडवालं काडतूस बिनकडेचं असल्यासारखं वागवायचं! नव्या केसला पहिल्या बारापुरती कडेपुढे रबराची बारीक रिंग चढवतात, म्हणजे बूड बोल्टला चिकटून राहतं. भरण्याआधी टोक वाकवलेली तार आतून फिरवायची. खाच लागली की केस भंगारात. नंबर ४ ला बोल्टचं डोकं ० ते ३ अशा चार मापांत मिळायचं, त्यामुळे हेडस्पेस थोडा घट्टही करता येतो. ही सोय मला फार आवडली.

आपोआप चालणाऱ्या हत्यारांत मात्र कडेची बाजू लंगडी. ब्रेन गन या हलक्या मशीनगनची मॅगझिन तशी वाकडी दिसते ती कडांमुळेच. तीसची असून शिपाई बहुधा कमीच भरत. रशियनांच्या पीके मशीनगनला पट्ट्यातून काडतूस आधी मागे ओढून मग पुढे ढकलावं लागतं. तरी १८९१ चं ते काडतूस अजून सेवेत आहे, हे कबूल करायलाच हवं.

इथल्या कॅनेडियन रेंजर्सनी (दुर्गम भागात गस्त घालणाऱ्या राखीव सैनिकांनी) ली-एन्फिल्ड २०१८ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षं, उत्तरेच्या बर्फात वापरली. तिच्या जागी आली ती सी-१९, बिनकडेच्या ७.६२ नाटो काडतुसाची. आज नवीन रायफल आखायची तर मीही कड घेणार नाही. बोल्ट हातानं ओढायचा आणि दहाच गोळ्या असतील तर मात्र तक्रार नाही.

पुण्यातल्या वाचकांसाठी: खडकीच्या कारखान्याचा ‘के एफ’ शिक्का असलेली .३०३ ची जुनी काडतुसं इकडेही दिसतात. पण सैन्याचं बोअर (नळीचं माप) म्हणून भारतात सामान्य परवान्यावर .३०३ मिळत नाही. ईशापूरची .३१५ मिळते, आणि तिचं काडतूसही जुन्या ऑस्ट्रियन मॅनलिकर रायफलीच्या काडतुसावरून आलेलं, कडवालंच. रीलोडिंग करणार नसाल तर वरची केसची सगळी कटकट तुम्हाला लागू नाही. कडा एकमेकींत अडकू नयेत एवढंच भरताना बघा.