सात रस्त्याजवळचं मुलांचं क्लिनिक, आमचा अनुभव

लेकीला घेऊन तीन वेळा गेलो, म्हणून लिहितेय. शाळेतनं सारखी तक्रार, लक्ष नाही, लक्ष नाही. आधी एका ठिकाणी दहा मिनिटांत एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा किंवा अति चुळबुळीचा त्रास, असं सांगून मोकळे झाले, आणि मी घरी येऊन रडत बसले.

इथल्या मॅडमनी पहिल्यांदा नीट विचारलं, की ती चुळबुळ करते का नुसती हरवून बसते? कारण आमची पोरगी शांतच, पेन्सिल हातात धरून खिडकीबाहेर बघत राहणार, हाक मारली की दचकणार. त्या म्हणाल्या एडीएचडीची लक्षणं 12 वर्षांच्या आत दिसायला लागतात आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, म्हणून टीचरकडूनही फॉर्म भरून आणायला लावला. आणि स्वप्नाळूपणा, संथपणा, डोकं धुक्यात असल्यासारखं वाटणं, हे सगळं संशोधक आता एडीएचडीपासून वेगळं मोजतात, दोन्ही एकत्रही असू शकतं म्हणे. झोप, चिंता, कान, डोळे हे सगळं तपासलं ते वेगळंच.

मी विचारलं एमआरआय करू का, तर सरळ नाही म्हणाल्या. 2007 च्या एका अभ्यासात एडीएचडीच्या मुलांचा मेंदूचा बाहेरचा थर जाड व्हायला साधारण तीन वर्षं उशीर दिसला, पण ती सरासरी, एकट्या मुलाचं निदान स्कॅनवरनं होत नाही. माझे पैसे वाचवले बघा!

वेटिंग मात्र दीड तास, पोरांसाठी खाऊ न्या.