पारसेकचं माप पक्कं धरणारा खेळ : 'मास्टर ऑफ ओरायन'

हरभऱ्याच्या ओलिताले आमच्याकडे लाईन रात्रीचीच. मोटर चालू केली की धुऱ्यावरच्या खोपडीत बसून मी जुन्या लॅपटॉपवर 1993 सालचा 'मास्टर ऑफ ओरायन' लावतो. आकाशगंगेत वसाहती वाढवायच्या, एक चाल म्हणजे एक वर्ष. चित्रं जुन्या वळणाची आहेत, पण त्यातलं अंतराचं माप मला फार आवडतं.

इथं अंतर पारसेकमध्ये दिसतं. सुरुवातीला जहाजाचं इंधन आपल्या सर्वांत जवळच्या वसाहतीपासून 3 पारसेक पुरतं. चांगला ग्रह 4 वर असला तर नुसता पाहायचा. एक तर इंधनावर संशोधन करा, नाही तर मधला एखादा भिकार तारा वसवा. स्प्रिंकलरचा एक पाइप कमी पडला की शेवटचा पट्टा कोरडाच राहतो, तसंच हे. त्या एका पारसेकपायी मी अख्खा डाव वेगळा मांडला आहे.

पुतण्यानं विचारलं, "काका, पारसेक म्हंजे किती कोस?" त्याला अंगठा समोर धरायला लावला. एकदा डावा डोळा मीट, एकदा उजवा. अंगठा मागच्या पळसावरून सरकला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तेव्हा जवळचा तारा असाच सरकलेला दिसतो. सूर्य-पृथ्वी अंतर, म्हणजे सुमारे 15 कोटी किलोमीटर, जिथून एका अंशाच्या 3600व्या भागाएवढं दिसेल, तिथवरचं अंतर एक पारसेक : 3.26 प्रकाशवर्षं, जवळपास 31 लाख कोटी किलोमीटर. तो कोन केवढा? दहाचं नाणं साडेपाच किलोमीटरवर, आमच्या फाट्यावर, ठेवलं तर इथून दिसेल तेवढा. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी 1838 साली एका ताऱ्याच्या सरकण्याचा त्याच्याही तिसऱ्या हिश्श्याएवढा कोन मोजला होता. पोरगं फाट्याकडे पाहतच राहिलं.

दोन गोष्टी खटकतात. नकाशा सपाट आहे. खऱ्या आकाशात तारे वर-खालीही असतात. आणि सर्वांत साधं इंजिनही वर्षाला एक पारसेक कापतं, म्हणजे प्रकाशाच्या तिपटीहून जास्त वेग. हे आधी पोरांना सांगून ठेवा, नाही तर ते खरंच धरून बसतील.

नववी-दहावीचं पोर घरात असेल तर खेळ जरूर घ्या. साध्या लॅपटॉपवर चालतो. पहिला डाव 24 ताऱ्यांच्या लहान नकाशावर मांडा. 108 चा मोठा नकाशा दिवाळीच्या सुट्टीत.