जिल्हा जनगणना पुस्तिका, २०११ : लोकसंख्या चोख, प्रवासाची नोंद मोघम

गावाच्या रस्त्यासाठी अर्ज करायचा म्हटला की पहिल्यांदा लोकसंख्या विचारली जाते, आणि तिचा अधिकृत आकडा हवा असेल तर आजही २०११ ची जिल्हा जनगणना पुस्तिकाच उघडावी लागते. प्रत्येक जिल्ह्याची पुस्तिका स्वतंत्र असून ती दोन भागांत आहे. ‘अ’ भागात गावनिहाय सोयीसुविधांची सूची आहे, तर ‘ब’ भागात लोकसंख्येचा गोषवारा. ती जनगणनेच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते. मात्र गावांची नावे रोमन लिपीत असल्याने बुद्रुक आणि खुर्द यांत गल्लत सहज होते. एकदा शोधलेल्या गावाचा सहा अंकी संकेतांक टिपून ठेवावा.

‘ब’ भाग फार कामाचा आहे. १ मार्च २०११ या संदर्भदिनाची कुटुंबसंख्या, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुले, साक्षर, अनुसूचित जाती-जमाती, मुख्य आणि सीमांतिक (वर्षात सहा महिन्यांहून कमी काम केलेले) कामकरी असा सगळा तपशील दोन-अडीचशे वस्तीच्या गावालाही मिळतो. या रकान्यांतून गावाची अवस्था दिसते. रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या, त्यामागे मुंबईला गेलेले चाकरमानी आहेत हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. गावी राहिलेल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना स्वतःचे वाहन बहुधा नसते, त्यामुळे बसची गरज सर्वांत जास्त त्यांनाच असते.

ही गरज कितपत भागते, हे पाहायला ‘अ’ भागाकडे वळावे, तर तिथे निराशा होते. रकाने पुष्कळ आहेत : सार्वजनिक बस, खाजगी बस, रेल्वे स्थानक, रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडी, डांबरी रस्ता, बारमाही रस्ता, पायवाट, इतकेच काय, नावेची सोयही. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात तापोळ्याहून लाँचने जावे लागे, हे ठाऊक असणाऱ्याला नावेच्या रकान्याचे मोल कळेल. पण सोय गावात असेल तर केवळ ‘आहे’ अशी नोंद मिळते आणि नसेल तर ती पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा किलोमीटरांवर की त्याहून दूर, एवढे दाखवणारे एक अक्षर. दिवसातून आठ फेऱ्या असलेले गाव आणि संध्याकाळी येऊन पहाटे परतणाऱ्या एकाच मुक्कामी गाडीचे गाव या नोंदीत सारखेच ठरते. शाळा सुटण्याच्या वेळी गाडी आहे का, हे तर कळतच नाही.

दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. पुस्तिकेचे एकक महसुली गाव, म्हणजे महसूल दप्तरी एक म्हणून नोंदलेले वाड्यांसकटचे गाव, आहे. रस्ता गावठाणापर्यंत पोचला असला तरी दोन ओढ्यांपलीकडची वाडी पावसाळ्यात तुटते, आणि त्या वाडीची वेगळी ओळ इथे नाही. याउलट २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचे एकक वस्ती हे आहे : सपाटीवर ५०० आणि डोंगरी वा आदिवासी भागात २५० लोकसंख्येची अट. सध्याच्या चौथ्या टप्प्यातही २०११ चीच लोकसंख्या धरली जाते. म्हणजे ज्या आकड्यावर वाडीचा रस्ता ठरतो, तो आकडा वाडीपुरता या पुस्तिकेत सापडत नाही. तो ग्रामपंचायतीकडे आणि योजनेच्या वस्तीनिहाय यादीत पाहावा लागतो.

तरीही विद्यार्थी, ग्रामपंचायत सदस्य आणि गावाचा इतिहास लिहिणारे यांनी ही पुस्तिका जवळ ठेवावीच. फक्त ‘ब’ भागावर भिस्त ठेवावी आणि ‘अ’ भागातील ‘आहे’ पाहिल्यावर बसथांब्यावर जाऊन वेळापत्रक वाचावे. पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ जाहीर झाला आहे. त्या पुस्तिकेत रोजच्या फेऱ्यांचा एक रकाना वाढवला, तरी पुष्कळ झाले.