विल्फ्रेड ओवेनच्या कविता (पत्रांसकट): मजकूर पाच स्टार, बाइंडिंग दोन

महाद्वार रोडवर जुन्या पुस्तकांच्या दुकानात हे पेपरबॅक मिळालं, काका दोनशे म्हणत होते, फाटलेलं कव्हर दाखवल्यावर दीडशेला दिलं. पहिल्या महायुद्धातला हा इंग्रज कवी, कॉलेजात इंग्लिश घेतलेल्यांना एखादी कविता आठवत असेल. पण या एडिशनमध्ये कवितांच्या मधेमधे त्यानं आईला लिहिलेली पत्रं तारखेप्रमाणं लावलीत आणि पैसे तिथंच वसूल होतात.

युद्धाआधीचा ओवेन म्हणजे त्याच्या शंभरेक वर्षं आधीच्या इंग्रज कवी कीट्सचा कट्टर भक्त, सगळं गोड गोड, ती पानं मी भराभर उलटली. १९१५ ला भरती झाला, १९१६ संपता संपता फ्रान्सला गेला आणि १६ जानेवारी १९१७ चं पत्र आलं की गडी पार बदललेला. जमिनीखालच्या एका खोलीत २५ माणसं कोंबलेली, फूट-दोन फूट पाणी, वरनं तोफांचा मारा, असे ५० तास काढलेत. त्यात पहाऱ्यावरच्या पोराचे डोळे गेले. त्याच्यावरची कविता पुरी झाली थेट १९१८ ला. ओवेन त्याच्या पापण्यांजवळ ज्योत धरतो, म्हणतो जरा जरी उजेड दिसला तरी डोळे शाबूत आहेत बघ, आणि शेवटी तो पोरगा ओरडतो की दिवे दिसले, तर इकडं दिवे कधीचे विझलेले. पत्रावर बोट ठेवून पुढची कविता काढायची आणि दोन्ही एकदम वाचायचं, मग कळतं.

१९१७ लाच शेल शॉकमुळं (तोफांच्या माऱ्यानं मनाला बसलेला धक्का) एडिनबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट हॉस्पिटलात गेला, तिथं ससून भेटला, तोही कवी आणि फौजीच. ससूनच्या हातच्या दुरुस्त्या असलेल्या एका कच्च्या खर्ड्याचा फोटो पुस्तकात आहे, तो झूम करून बघा राव.

युद्धानं कवी घडवला असं सरसकट म्हणतात, ते मला काय पटत नाही. कान कीट्सनं आधीच तयार केलेला, युद्धानं त्यातला गोडवा काढून घेतला. तो यमकसुद्धा पुरतं जुळू देत नाही, व्यंजनं तीच आणि स्वर वेगळा, आपल्याकडं माती-मोती म्हटल्यासारखं, त्यामुळं ओळ संपली तरी काहीतरी खटकत राहतं. मेलेला शत्रू भेटतो ती कविता मोठ्यानं वाचून बघा.

१९१८ ला परत आघाडीवर गेला, मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळवलं आणि ४ नोव्हेंबरला एका कालव्यावर मारला गेला, वय २५. घरी तार पोचली ११ नोव्हेंबरला, म्हणजे युद्ध थांबलं त्याच दिवशी. त्याच्या खिशातल्या वहीत रवींद्रनाथांच्या ओळी निघाल्या, आईनं १९२० मध्ये टागोरांना तसं पत्र लिहून कळवलं. हे मला माहीतच नव्हतं, लय भारी वाटलं.

आता वैताग. टिपा सगळ्या मागं, फॉन्ट मुंगीएवढा, आणि मधली पानं गोंद सोडून हातात येतात. सैनिक टाकळीच्या मित्राला वाचायला दिलं, घरात तीन पिढ्या फौजेत, त्यानं नुसती पत्रं वाचली आणि म्हणाला कविता तू वाच भावा. नवीन घेणार असाल तर पत्रं असलेलीच एडिशन मागा, नुसत्या कवितांची स्वस्त पडते पण निम्मा ओवेन त्यात नाही. माझी कॉपी मागू नका, आता कुणालाच देत नाही, पानं हरवतात.