पट्टीखाली सांधाच नव्हता

आशियाई नाशपातीची दोन कलमं ऑनलाइन मागवली होती, एक ‘होसुई’ आणि एक ‘निजिसेइकी’. फोटोत एकाची फळं तपकिरी, ठिपकेदार. दुसऱ्याची पिवळसर हिरवी, गुळगुळीत. खोकं उघडलं तर दोन्हींच्या खोडाला वीतभर उंचीवर प्लास्टिकची पट्टी आणि छापील चिठ्ठी. पट्टी आहे म्हणजे कलम आहे, असं मी धरून चाललो. इथंच फसलो.

‘होसुई’ला वर्षभरात काटेच काटे आले. विक्रेता म्हणाला, “कोवळं आहे, जातील.” शेवटी पट्टी कापली. खाली ना तिरका छेद, ना गाठ, ना सालीच्या रंगात फरक. खालपासून वरपर्यंत एकच सरळ खोड, त्यावर फक्त पट्टीचा वळ. बियांपासून उगवलेल्या रोपाला नुसती पट्टी गुंडाळली होती! नाशपाती बियांपासून आईबापासारखी येत नाही. कधी लॉटरी लागतेही म्हणा. निजिसेइकी हा वाणच १८८८ साली जपानमध्ये मात्सुदोला आपोआप उगवलेलं रोप म्हणून सापडला. पण मी पैसे लॉटरीचे दिले नव्हते.

दुसरं खरंच कलम होतं, फक्त भलत्याच वाणाचं. चौथ्या वर्षी फळं धरली, ती बटाट्यासारखी तपकिरी, खरखरीत. निजिसेइकीवर डाग पडतात, पण अख्खं फळ असं होत नाही. मग हे काय? कोसुई, चोजुरो, नीताका, शिंको, सगळेच तपकिरी. नुसत्या सालीवरून नाव सांगणारा थापा मारतो. पिकण्याचा काळ थोडा उपयोगी पडतो: कोसुई आधी, मग होसुई, नीताका बरीच उशिरा. आणि हे नीताका निघालं तर आणखी पंचाईत, कारण त्याचा पराग दुसऱ्या झाडाच्या कामाचा नसतो.

तक्रार करायला गेलो तर विक्रेत्याचं खातंच गायब. फळ दिसेपर्यंत तीन-चार वर्षं जातात, तेवढी सवड या लोकांना पुरते.

आता मी पट्टी सोडलेल्या सांध्याचा जवळून फोटो आणि खुंटाचं, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या खालच्या रोपाचं, नाव मागतो. टाळाटाळ झाली की विषय संपला. ज्या होसुईची फळं स्वतः खाल्ली, त्याच झाडाची काडी गेल्या हिवाळ्याच्या शेवटी आणली आणि त्या काटेरी रोपावरच बांधली. खुंट म्हणून ते झकास निघालं. यंदा पट्टी काढली. सांधा बोटाला लागतो.