माशेलचं बोर्ड नसलेलं गॅरेज, जुनी फियाट रोज चालवत असाल तरच जा

पहिलंच सांगून टाकतो, गाडी चकाचक करून रॅलीत नेऊन उभी करायची असेल तर हे गॅरेज तुमच्यासाठी नाही, उगाच तिथल्या मेस्ताचा (मेस्त म्हणजे मेकॅनिक) वेळ खाऊ नका. पण ज्याला रोज सकाळी जुन्या गाडीत बसून वेळेवर ऑफिसला पोचायचंय त्याच्यासाठी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात तरी मला याच्यापेक्षा बरा माणूस अजून सापडलेला नाही. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी, म्हणजेच फियाट, १९८४ ची, जुन्या जीडी (गोवा, दमण आणि दीव एकत्र असतानाच्या) नंबरची, पप्पांनी घेतलेली. १०८९ सीसीचं इंजिन, सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा), गिअर स्टेअरिंगला, चारही चाकांना ड्रम ब्रेक. माशेल, बाणस्तारी, जुने गोवे, रायबंदर, पणजी आणि संध्याकाळी परत, असा तिचा रोजचा रूट. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा लोकांनी मला चक्क सांत्वनाचे मेसेज टाकले, अरे बाबांनो टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा होती म्हणून ती गेली, माझ्या गाडीचं पासिंग आहे अजून.

गॅरेज म्हणजे घराच्या बाजूला पत्र्याची शेड, खाली खड्डा, वर माडाची झावळं. बोर्ड नाही. नाव आणि नंबर टाकत नाही कारण मेस्ताने साफ नको म्हणून सांगितलंय, गर्दी झाली की काम बिघडतं म्हणतो. माशेलच्या बाजारात कुठल्याही पंक्चरवाल्याला फियाटचा मेस्त कुठे बसतो विचारा, बोट दाखवतील. स्वतः मेस्त सत्तरीकडे झुकलाय, काम शिकला तो गोवा मुक्त झाल्यानंतरच्या काळात, तेव्हा पोर्तुगीज वेळच्या आयात गाड्या, ओपेल, मॉरिस, मर्सिडीज वगैरे इथे रस्त्यावर रोज धावायच्या आणि त्यांचे पार्ट मिळायचे बंद झालेले, त्यामुळे असेल ते दुरुस्त करायचं, बदलायचं सगळ्यात शेवटी, हे त्याच्या हातात बसलंय.

आता मी तिथे पोचलो कसा ते. गाडी चढावाला झटके द्यायला लागली होती, गरम झाली की बंद, थंड झाली की परत सुरू, आणि सकाळी चोक ओढूनसुद्धा रडायची. पणजीजवळच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये (नाव जाऊ दे) नेली तर त्यांनी आधी प्लग बदलले, मग कॉइल बदलली, मग कंडेन्सर, आणि शेवटी सांगितलं की इंजिन संपलं, हेड काढावं लागेल, नाहीतर साहेब विकून टाका. विकून टाका हे वाक्य जुन्या गाडीवाल्याला दर दोन महिन्यांनी कोणीतरी ऐकवतंच.

मेस्ताने काय केलं, तर गाडी सुरू करून घेतली, बाणस्तारीच्या पुलापर्यंत माझ्या बाजूला बसून आला, एक शब्द नाही, परत आल्यावर गरम इंजिनातूनच एक प्लग काढला, फडक्यात धरून उजेडाकडे केला आणि मला म्हणाला, "पळय, धवो पडला. पेट्रोल उणें पडटा." प्लगचं टोक खरंच पांढरं होतं, जिथे विटकरी-तपकिरी असायला पाहिजे. म्हणजे मिक्श्चर लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. कारण काय तर हल्ली पंपावर मिळतं ते ई-२०, २० टक्के इथेनॉल. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, साध्या पेट्रोलला एक भागाला १४.७ भाग हवा तर इथेनॉलला ९ च्या आसपास, त्यामुळे कार्बोरेटर ८४ सालच्या पेट्रोलच्या हिशोबाने जेवढं सोडतो तेवढं आता पुरत नाही. नव्या गाडीत सेन्सर असतो, तो आपोआप जास्त पेट्रोल सोडतो, सोलेक्सला कोण सांगणार.

त्याने मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरात पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, एक नंबर वरचा टाकला (जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचं माप, १२५ म्हणजे १.२५ मिलिमीटर, ही गोष्ट मला त्यानेच सांगितली), कार्बोरेटरात पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची लेव्हल बघितली, इग्निशनच्या पॉईंटचा गॅप फीलर गेज (माप घ्यायची पातळ पट्टी) घालून लावला आणि मग गाडीतला पेट्रोल पंप उघडला. आतला डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, बोटाने दाबला तर रबर फुगून मऊ पडलेलं. हे पण इथेनॉलचंच काम, जुनं रबर आणि जुन्या गॅस्केट त्याला टिकत नाहीत. सगळे पेट्रोलचे पाईप काढून इथेनॉलला चालणारे नवे लावले, आणि टाकीतून एवढी लाल घाण निघाली की फिल्टर धुवायच्या भानगडीत न पडता सरळ नवा टाकला. इथेनॉल टाकीतला जुना थर सोडवून आणतं, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर लवकर लवकर बदला म्हणाला. गॅस्केट, डायफ्रॅम, पाईप, जेट आणि लेबर मिळून जे बिल झालं ते त्या मोठ्या गॅरेजच्या नुसत्या कॉइल-प्लगच्या बिलापेक्षा कमी. इंजिन अजून तेच आहे, हेडला कोणी हात लावलेला नाही.

पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप लावू का विचारलं मी, बरेच जण लावतात गरम झाल्यावर बंद पडते म्हणून. नको म्हणाला, आधी जे आहे ते नीट चालू दे. मला हे आवडलं. प्रत्येक दुखण्यावर नवीन वस्तू विकणारा मेकॅनिक जुन्या गाडीला परवडत नाही.

पत्र्याचं काम हा दुसरा विषय आणि गोव्यात खरं तर हाच पहिला. इंजिन कुठेही बिघडतं पण पत्रा सडावा तो कोकणपट्टीतच, जून ते सप्टेंबर नुसतं पाणी आणि उरलेले महिने खारं वारं. चिखलात खेळायचा चिखलकालो सण माशेलात देवळासमोर आषाढात एक दिवस, आमच्या गाडीच्या पोटाखाली तो चार महिने चालतो. माझ्या गाडीला आधी कोणीतरी गंजावरूनच काळं रबरी अंडरकोटिंग मारलेलं, वरून एकदम छान दिसायचं. मेस्त खड्ड्यात उतरला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत ठोकत गेला, टण टण टण आणि मग मध्येच थप्प. तिथे टोक लावलं तर आरपार, ड्रायव्हरच्या पायाखालीच. कोटिंग आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते, त्यामुळे आतून आरामात सडत जातं. त्याने सगळं कोटिंग खरवडायला लावलं, सडका भाग कापून नवीन पत्रा वेल्ड केला, लांबी (पुट्टी) भरून झाकाझाक केली नाही, वर गंज रोखणारा रेड ऑक्साईड आणि मग साधा काळा पेंट. दिसायला गबाळं काम आहे हे मान्य. जोड दिसतो. पण कोणी गाडीखाली झोपून बघणार आहे का?

एक गोष्ट मात्र पैसे न देता शिकलो ती सगळ्यांनी करा. दरवाज्यांच्या खालच्या कडेला आणि दरवाज्याखालच्या साईडच्या पोकळ खोक्याला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजलेली असतात. मेस्ताकडे सायकलचा एक तुटका स्पोक आहे, तो घालून त्याने एकेक भोक मोकळं केलं, डाव्या मागच्या दरवाज्यातून तर पेलाभर गढूळ पाणी आलं, मार्चमध्ये! तेव्हापासून दर पंधरवड्याला मी स्पोक फिरवतो, गाडीवाल्यांच्या घरात हे पण एक नेमाचं काम होऊन बसतं.

ब्रेकबद्दल थोडक्यात. ड्रम ओले झाले की धरत नाहीत, पाण्यातून आल्यावर थोडं अंतर हलका ब्रेक दाबत चालवा म्हणजे सुकतात. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं, डॉट-३ ग्रेडच्या ऑईलचा उकळबिंदू कोरडं असताना निदान २०५ अंश आणि पाणी ओढल्यावर १४० पर्यंत खाली येतो, आणि चोर्ला घाटाच्या उतारावर हे कळणं म्हणजे उशीर, म्हणून दर पावसाळ्याआधी तो ते बदलायलाच लावतो. पावसात रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवू नका, सकाळी ब्रेकचे शू ड्रमला चिकटलेले असतात, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा) ग्रीस तर तो न सांगताच मारतो.

कागदपत्रांचं एजंटचं काम तो करत नाही पण पीयूसीला जायच्या आधी मिक्श्चर सेट करून देतो. आपल्या जुन्या पेट्रोल कारला धुरातलं लिमिट सीओ (कार्बन मोनॉक्साईड) ३ टक्के आणि एचसी (न जळालेलं पेट्रोल) १५०० पीपीएम, नीट ट्यून असलेली फियाट यात बसते. बाकी नोंदणीचं रिन्यूअल दर पाच वर्षांनी, आणि २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला फी १०,००० झालीय, ती भरताना पोटात दुखतं. काही जण म्हणतात की व्हिंटेजमध्ये नोंदव. एक तर त्याला गाडी ५० वर्षांची लागते, आणि नोंदवली की ती रोज रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला एवढंच. मग मी कामाला कशाने जाऊ, कदंबाच्या बसने?

आता तो कापलेला एक स्टार. मेस्ताचं "फाल्यां" (उद्या) हे कधीच फाल्यां नसतं. पत्र्याच्या कामाला एक आठवडा बोलला आणि महिना कधीच उलटून गेला, मध्ये एक जत्रा, एक लग्न, मग वेल्डिंगवाला मुलगा गावाला गेला. फोन उचलत नाही, उचलला तर कोण बोलतो विचारून ठेवून देतो. दुपारी एक ते साडेतीन शेड बंद, तुम्ही पणजीहून आलात की दिल्लीहून त्याला फरक पडत नाही. बिल कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेनाने, काय काय टाकलं ते तुम्हीच लिहून घ्या नाहीतर पुढच्या वेळी दोघांनाही आठवत नाही. आणि इलेक्ट्रिकचं काम त्याच्याकडे करू नका, वायरिंगला तो नुसती टेप गुंडाळतो, मी वायपर आणि अल्टरनेटरसाठी वेगळा ऑटो इलेक्ट्रिशियन धरलाय आणि सुखी आहे.

पार्टचं म्हणाल तर किंगपिन सेट, वॉटर पंप, ब्रेकचे रबर किट हे अजून मिळतं, मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून रात्रीच्या बसला पार्सल टाकतात, सकाळी उचलायचं. टेललाईटची काच, दरवाज्याचं हँडल असल्या वस्तू मात्र दिसतील तेव्हा घेऊन ठेवा, गरज पडेल तेव्हा शोधलं तर कोणी तोंडाला येईल तो भाव सांगतो. मेस्त पार्टवर मार्जिन घेत नाही, पावती तुमच्या हातात देतो.

जायचं असेल तर दिवाळी झाल्यावर ते फेब्रुवारीपर्यंत जा, पत्रा सुकलेला असतो आणि वेल्डिंग नीट होतं. मे महिन्याच्या शेवटी सगळ्या तालुक्याला एकदम पावसाची आठवण होते आणि शेडबाहेर लाईन लागते, चतुर्थीच्या दिवसांत तर विचारूच नका. गाडी सोडताना टाकीत पेट्रोल मोजकं ठेवा, टाकी उतरवायची वेळ आली तर सोपं पडतं, आणि मागच्या सीटवर काही ठेवू नका, त्याची मांजर तिथे झोपते.